कारण कीं अपराधी?

अनिष्ट घडलें कीं मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात : ‘हें कशानें झालें?’ आणि ‘हें कोणी केलें?’ पहिला ज्ञानाचा, दुसरा न्यायाचा. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्याचें देतां येत नाहीं, हें तत्त्वतः सर्वांस मान्य आहे. व्यवहारांत मात्र दुसराच प्रश्न आधीं विचारला जातो.

कवठे महांकाळ येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें परसांतील हौदांत मासे पाळले होते. तालुका अवर्षणाचा, म्हैसाळ योजनेचें कृष्णेचें पाणी येण्यापूर्वीं अशी हौस तेथें कोणास सुचली नसती. ऐन उन्हाळ्यांत रोज सकाळीं दोनचार मासे मेलेले दिसूं लागले. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची द्राक्षबाग. फवारणीचें औषध वाऱ्यानें हौदांत येतें, असा घरांत निर्णय झाला, तो बोलूनहि दाखविला गेला, आणि दोन घरांतील जाणेंयेणें थांबलें.

वस्तुतः मासे निराळीच साक्ष देत होते. ते मरत ते पहांटे. आधीं मोठे, मग लहान. आणि मरण्यापूर्वीं पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत. फवारणीच्या दिवशीं व इतर दिवशीं यांत भेद नव्हता. हीं लक्षणें विषाचीं नव्हेत, गुदमरण्याचीं होत. हौदांतील पाणी शेवाळानें हिरवें झालें होतें. शेवाळ दिवसां प्राणवायु सोडतें. परंतु रात्रीं तेंहि तो घेऊं लागतें, म्हणून पहांटे त्याचा सांठा सर्वांत कमी असतो. शिवाय १० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यांत अवघा साडेसात. त्यांत मुलें प्रेमानें टाकीत असलेले पोळीचे तुकडे व चुरमुरे तळाशीं कुजत; कुजण्यासहि प्राणवायु लागतो. अन्न बंद केलें, थोडथोडें पाणी बदललें, रात्रीं कारंजें चालूं ठेवलें; मासे मरण्याचे थांबले.

मुंबईंत वाळकेश्वरच्या बाणगंगेंत असेंच घडतें. पितृपक्षांतील विधींनंतर तेथें मेलेले मासे तरंगतांना अनेक वर्षीं आढळले आहेत. पाण्यांत सोडलेलें पिंडांचें अन्न कुजून प्राणवायु संपवितें. त्या पायऱ्यांवर दुष्ट हेतूनें आलेला एकहि मनुष्य नसतो. असतात ते पितरांस स्मरणारे पुत्र.

मग अपराधी शोधूंच नये काय? असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ अंकली येथें कृष्णेंत मृत माशांचा खच पडला होता. अशा वेळीं ‘उन्हाळाच कडक’ म्हणून स्वस्थ बसणें हाहि अन्यायच. कारखान्यांचें मळीचें पाणी किंवा शहरांचें सांडपाणी नदींत मिसळलें, तरी मासे बहुधा प्राणवायूच्या अभावींच मरतात. म्हणजे मरणाची रीत हौदांतलीच, निमित्त तेवढें मनुष्याचें. तें निमित्त कोठून आलें हें नदीच्या वरच्या व खालच्या अंगाचें पाणी वेळींच तपासल्यानें कळतें. ज्या तपासानें निरपराध शेजारी सुटतो, त्याच तपासानें खरा अपराधी सांपडतो. तपासाचा कंटाळा पहिल्यास जाचतो आणि दुसऱ्यास सोईचा होतो.

तरीहि आपण त्यास कंटाळतों. याचें कारण केवळ आळस नव्हे. परका दोषी ठरला तर आपला राग कामीं येतो. आपलाच प्रेमळ हात कारण ठरला तर राग ठेवावा कोठें, हें कळत नाहीं. परंतु माशास दुष्टाव्याचें विष व मायेची पोळी यांत निवड करतां येत नाहीं. हेतूची शुद्धता कर्त्याचें समाधान करील. प्राण्याचें रक्षण परिणामाच्या ज्ञानानेंच होतें.

किती तपास केल्यावर एखाद्याचें नांव घ्यावें? आमच्या मतें, तें नांव घेतल्यानें त्याचें जेवढें नुकसान होणार असेल, तेवढा तपास आपणांवर ऋण आहे. त्या घरचा हौद पंधरा दिवसांत निवळला. शेजाऱ्यांशीं बोलणें सुरू होण्यास मात्र पुढची दिवाळी यावी लागली.