न घेतलेली गोळी



आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो की काही घरांत हमखास विचारतात, "फादर, बाबांना रक्त पातळ करायची गोळी दिलीय. ते पडले आणि डोक्यात रक्तस्राव झाला, तर दोष आमच्या माथी नाही का?"

उतारवयात काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. ह्या विकाराने अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो. वॉरफरिन हे जुने औषध तो जवळजवळ दोनतृतीयांशाने कमी करते, पण रक्तस्रावाचा धोका वाढवते. दोन्ही गोष्टी खऱ्या.

मात्र ह्या दोन भीती आपण एका तराजूत तोलत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या डॉक्टरांच्या रुग्णाला वॉरफरिन घेताना मोठा रक्तस्राव झाला, ते पुढच्या रुग्णांना हे औषध कमी देऊ लागले. ज्यांच्या रुग्णाला औषधाविना अर्धांगवायू झाला, त्यांच्यात मात्र विशेष फरक पडला नाही. डॉक्टरांची ही गत, मग आपले काय! गोळीने घडले ते 'आम्ही केले', गोळीविना घडले ती 'देवाची इच्छा'.

करणे आणि न करणे यांत नैतिक भेद आहेच. सेमिनरीत त्यावर आम्ही तासन्तास वाद घातले. पण ज्याची काळजी आपल्यावर सोपवली आहे, त्याच्याबाबतीत त्या भेदाआड लपता येत नाही. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो. उलट, चांगल्या हेतूने, धोका तोलून दिलेल्या गोळीचा अनिष्ट परिणाम हा आपला हेतू नसतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाविषयी लिहिताना हा फरक मांडला आहे.

पडण्याचेच म्हणाल, तर १९९९ सालच्या एका गणिताप्रमाणे वृद्ध माणूस वर्षाला सुमारे २९५ वेळा पडला, तरच वॉरफरिनचा तोटा फायद्यापेक्षा जास्त ठरेल. अल्सरमधून रक्त गेलेल्याची गोष्ट वेगळी. तिथे कदाचित डॉक्टरच नको म्हणतील.

आणि बाबांना कोणी विचारले का? अंथरुणाला खिळण्याची भीती त्यांना मरणापेक्षा मोठी वाटत असेल. सगळे समजून ते नको म्हणाले, तर तोही मान ठेवावा. घेणार असतील, तर आयएनआर तपासणी चुकवू नका. पालेभाजी बंद नको, प्रमाण सारखे ठेवा. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्या सर्वांना चालत नाहीत. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.