घोड्याचा खूर आणि जडाच्या उत्पत्तीचा प्रश्न

चेतन कारणापासून अचेतन कार्य निपजू शकते का, हा वेदान्त आणि सांख्य यांच्यातील जुना वाद आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सांख्यांचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेले प्रतिपक्षाचे मत म्हणून, येते. कार्य आणि कारण यांचा स्वभाव सारखा असतो आणि जग तर अचेतन आहे, म्हणून चेतन ब्रह्म त्याचे उपादानकारण, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते मूळ, असू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. शंकराचार्य भाष्यात त्याला लोकानुभवाने उत्तर देतात: चेतन मानल्या गेलेल्या पुरुषापासूनच अचेतन केस आणि नखे उत्पन्न होतात. अक्षरापासून, म्हणजे अविनाशी ब्रह्मापासून, विश्व कसे उपजते हे सांगताना मुंडकोपनिषदानेही कोळी आणि वनस्पती यांच्या जोडीला माणसाच्या केसांचा दृष्टान्त दिला आहे. या दृष्टान्ताची कसोटी पाहायची तर नखाचाच एक प्रकार असलेला घोड्याचा खूर विशेष उपयोगी पडतो, कारण येथे अचेतन भाग देहावर नुसता वाढत नाही, तर सारा देह त्याच्यावर उभा राहतो.

खुराच्या वरच्या कडेला, जेथे केसाळ कातडी संपते तेथे, सजीव त्वचेचे एक वलय असते. त्यातील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आतल्या थराला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. या उंचवट्यांवरील पेशींपासून खाली उतरणाऱ्या शृंगनलिका बनतात आणि मधल्या जागेतील पेशींपासून त्या नलिकांना बांधून ठेवणारे शृंगद्रव्य बनते. वरून नव्या पेशी जन्मत राहतात व जुन्या खाली ढकलल्या जातात, आणि या प्रवासात प्रत्येक पेशी केराटिन या प्रथिनाच्या तंतूंनी भरत जाते, त्या तंतूंना गंधकाचे बंध एकमेकांशी जखडतात, पेशीचे केंद्रक विरघळते आणि शेवटी ती मरते. तिचे चपटे कवच मात्र शेजारच्या कवचांना चिकटून राहते. अशा कवचांची बनलेली खुराची भिंत महिन्याला सुमारे 6 ते 10 मिलिमीटर उतरते, त्यामुळे पुढच्या बाजूचे शृंगद्रव्य वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पोहोचण्यास साधारण वर्ष लागते.

खुराचे काठिण्य बाहेरूनही घडते, यात शंका नाही. खिळ्यांनी ठोकलेली नाल ग्रीकांना परिचित नसताना झेनोफोनने अश्वारोहणावरील ग्रंथात घोड्याचे पाय बळकट व्हावेत म्हणून आवारात गोटे पसरण्याचा सल्ला दिला होता, आणि खुराची बाहेरची बाजू कोरडी व ताठ, तर आतली दमट व लवचीक असते, हेही खरे आहे. पण जमीन आणि हवा जे बदल करतात ते तयार शृंगद्रव्यावर; मूळ काठिण्य पेशी स्वतः घडवते आणि ते घडवण्यातच तिचा अंत होतो. म्हणून खुराचे निर्जीवत्व म्हणजे जीवनाला बाहेरून लागलेली कीड नव्हे, तर त्या पेशीच्या जीवनक्रमाची शेवटची पायरी होय.

यावर सांख्य असे म्हणू शकतो की नखाचे कारण आत्मा नसून देह आहे, आणि देह स्वतःच अचेतन असल्यामुळे जडातून जडच निघाले. भाष्यात ही शंका विचारात घेतलेली आहे, आणि तसे मानले तरी देह व नखे यांच्या स्वरूपात मोठे अंतर उरतेच, असे तिचे उत्तर दिले आहे. खुराची रचना या उत्तराला बळ देते, कारण येथे स्पंदणारी पेशी आणि निर्जीव कवच यांच्यातील अंतर टप्प्याटप्प्याने पडत जाते आणि उत्पत्तीचा धागा कोठेही तुटत नाही. मात्र दृष्टान्ताची मर्यादाही येथेच दिसते: पेशीत असते ते जीवन, वेदान्ताला अभिप्रेत असलेले साक्षिचैतन्य, म्हणजे सर्व अनुभवांना केवळ पाहणारी जाणीव, नव्हे, आणि एकाच्या उदाहरणावरून दुसरे सिद्ध होत नाही.

पूर्वपक्षाचा आणखी एक मुद्दा असा की दोन दिवे एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. उपकार्य, म्हणजे ज्याला उपयोग होतो तो, आणि उपकारक, म्हणजे जो उपयोगी पडतो तो, यांत भेद हवा, म्हणून चेतनाच्या कामी येणारे जग अचेतनच असले पाहिजे. खुराच्या बाबतीत या मुद्द्याचा पूर्वार्ध पटतो. चरकसंहितेने वेदनेचे अधिष्ठान सांगताना केस आणि नखांची टोके वगळली आहेत, आणि नालबंदही खिळा भिंतीच्या याच संवेदनाहीन भागात ठोकतो. तरीही जमिनीचा आघात हीच भिंत आतल्या सजीव थरापर्यंत पोहोचवते. तिच्या आतील सुमारे 550 ते 600 शृंगपत्रे, म्हणजे शृंगद्रव्याचे पातळ उभे पदर, सजीव त्वचेच्या पत्रांत गुंतलेली असतात आणि पायाचे शेवटचे हाड त्या गुंफणीला टांगलेले असते, म्हणून ही गुंफण सुटली की घोडा वेदनेने लंगडतो. येथे भेद आहे म्हणूनच उपकार घडतो, परंतु त्या भेदावरून दोघांचे मूळ वेगळे ठरत नाही.

तेव्हा ब्रह्म जगाचे कारण आहे हे खूर सिद्ध करत नाही, आणि शंकराचार्यही त्या सिद्धीसाठी दृष्टान्तावर नव्हे, तर श्रुतीवर विसंबतात. कार्य विलक्षण, म्हणजे भिन्न स्वभावाचे, असले की कारणही वेगळेच असले पाहिजे, हा नियम सार्वत्रिक नाही, एवढेच खुरावरून ठरते. जगाचे कारण अचेतन आहे असे म्हणणाऱ्याला जगाच्या अचेतनत्वापलीकडचे काही प्रमाण द्यावे लागेल.