पाडव्याचे वस्त्र

सज्जनहो, चैत्र जवळ आला की लालबागकर सहकुटुंब हिंदमाताला सेलच्या खरेदीस निघतात. पाडव्याला नवे ल्यावे. गुढीलाही आपण कोरे वस्त्रच बांधतो. पण स्वस्त मिळाल्या म्हणून गरज नसता चार साड्या घ्यायच्या, आणि दहा दिवसांनी चैत्री एकादशीला पंढरीस चला म्हटले की भाड्याला पैसे नाहीत! हा कुठला हिशेब, माउली?

शिवाय कापडाची किंमत लालबागला आम्ही काय सांगावी? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याआधी साच्यावर आपलेच वाडवडील उभे असत. नामदेवरायही शिंपीच. तेव्हा यंदा वारीचे भाडे आधी पदराच्या गाठीला बांधा, उरेल त्यात खुशाल घासाघीस करा.