ऐनवेळी ठरलेली सहल

"उद्या सकाळी सहाला निघायचे" हे वाक्य शुक्रवारी रात्री जेवणाच्या पाटावर उच्चारले जाते आणि क्षणार्धात घराचे तीन भाग पडतात. मुले नाचू लागतात. घरधनी मोबाईलवर तिकिटांचे दर पाहू लागतो. गृहिणी मुकाट्याने उठून पिठाच्या डब्याचे झाकण उघडून पाहते. एकाच घोषणेतून मुलांच्या वाट्याला आनंद येतो, वडिलांच्या वाट्याला औदार्याचे समाधान आणि आईच्या वाट्याला काम. थीम पार्कची सहल हा नीतिविचाराला शोभणारा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. माणसाने मौज करावी की करू नये, या प्रश्नाचा निकाल पूर्वीच लागलेला आहे. ऐनवेळी ठरवलेली मौज नेमकी कोणाच्या खर्चाने होते, हा प्रश्न मात्र घरोघरी तसाच पडून आहे.

ज्याचा निकाल लागला आहे, त्या प्रश्नाविषयी थोडे बोलू. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांत सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न गंभीरपणे उपस्थित केला आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले. तेथे त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. शिष्यांसमवेत विरंगुळ्यात रमलेल्या योहानाला पाहून काहींना धक्का बसला, तेव्हा योहानाने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडायला लावले आणि तू हे अखंड करत राहशील काय, असे विचारले. अखंड ताणलेले धनुष्य मोडेल, असे तो उत्तरला. मनाचेही तसेच, असे योहानाने त्याला सांगितले. थॉमस याहीपुढे जातात. जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यातही ते दोष पाहतात. मात्र खेळाला त्यांनी एक अटही घातली आहे: तो व्यक्ती, काळ आणि स्थळ यांना साजेसा असावा. ऐनवेळच्या सहलीची सारी अडचण या तीन शब्दांत आहे. स्थळ ठरलेले असते, काळ अपुरा असतो आणि व्यक्तींना कोणी विचारलेलेच नसते.

थीम पार्क या कल्पनेच्या मुळाशी तर घरातील सर्व व्यक्तींचाच विचार होता. वॉल्ट डिस्ने सांगत असत की, ते शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात. आईवडील आणि मुले यांना एकत्र मौज करता येईल असे स्थान असायला हवे, हा विचार त्यांना त्या बाकावर सुचला. त्यातून उभे राहिलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. गंमत म्हणजे हे स्थानच ऐनवेळच्या धावपळीतून जन्मले. सारे बांधकाम अवघ्या वर्षभरात उरकलेले. उद्घाटनाच्या दिवशी बनावट तिकिटांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आत शिरले, उन्हात ताजे डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या टाचा त्यात रुतल्या आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. घाईचे मोल पाहुण्यांनी चुकते केले.

आपल्याकडे हे लोण यायला वेळ लागला. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा वसई-उत्तनच्या मुलांना त्या नगरीचे केवढे अप्रूप! २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडले आणि द्रुतगती मार्गामुळे एका दिवसात जाऊन येण्याची सोय झाली. त्यापूर्वी आपल्या मुलांची मौज जत्रेत होत असे. सप्टेंबरात बांद्र्याची मोतमावलीची जत्रा असो की गावच्या सणानिमित्त लागणारी दुकाने आणि पाळणे असोत, त्यांचा दिवस वर्षभर आधी सर्वांना ठाऊक असे. तो दिवस कोणी एकटा ठरवत नसे. घरातील आजीपासून पाच वर्षांच्या नातवापर्यंत सारे त्याची वाट पाहत, आणि ते वाट पाहणे सर्वांच्या सामायिक मालकीचे असे. थीम पार्क जवळपास रोज उघडे असते. म्हणून तेथे जायचा दिवस कोणाला तरी ठरवावा लागतो. ज्याच्या हाती पैसा, त्याच्या हाती तो दिवस ठरवण्याचा अधिकार आपसूक जातो. जत्रेच्या दिवसावर वडिलांची सत्ता नव्हती, हे आपल्या कधी ध्यानातच आले नव्हते.

एवढे म्हटल्यावर ऐनवेळच्या सहलीची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस मुले झोपेत असताना घर सोडतो आणि त्यांच्या झोपेच्या वेळी परततो. "पुढच्या सुट्टीत नक्की" हे त्याचे वचन. पुढची सुट्टी येते. पाऊस लागतो, हप्ता भरायचा असतो, कोणाचे लग्न निघते. प्रत्येक कारण खरे असते. तरीही वर्षानुवर्षे चाललेले नियोजन हा पुष्कळदा नकाराचाच एक सभ्य प्रकार असतो. दरम्यान मुले वाढतात. मोठ्या राईडच्या प्रवेशापाशी उंची मोजण्याची एक पट्टी असते. तिच्याखालच्या मुलाला आत सोडत नाहीत. यंदा दोन इंच कमी पडलेला मुलगा पुढल्या वर्षी पट्टी ओलांडतो, आणि आणखी तीन-चार वर्षांनी त्याला आईवडिलांसोबत यायचेच नसते. मधला काळ किती थोडा! अशा वेळी शुक्रवारी रात्री एखाद्या बापाच्या मनात अचानक काही उसळले आणि "उद्या" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, तर त्याला अविचार म्हणणे हा कोरडेपणा होईल. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ च्या आपल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण मानले आहे. हुकमावरून खेळलेला खेळ त्यांच्या मते खेळ उरत नाही. आकस्मिकतेत ही स्वेच्छा ठळकपणे दिसते, आणि मुलांना तीच भावते.

पण स्वेच्छा कोणाची? आमच्या परिचयातील एका घरी असाच प्रसंग घडला. नवऱ्याने उद्याचा बेत जाहीर केला तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही नेणार, मुले जाणार आणि मी तयारी करणार. मग माझी सहल कोणत्या दिवशी?" या प्रश्नात तक्रारीपेक्षा हिशेब अधिक होता. जलक्रीडेसाठी बहुतेक ठिकाणी नायलॉनचे कपडे लागतात. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. ते आधी घेतले नाहीत तर तेथे भाड्याने घ्यावे लागतात. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. तेव्हा पहाटे चारला उठून केलेल्या चपात्या प्रवेशद्वाराबाहेर गाडीतच संपवाव्या लागतात. धाकटीला गाडी लागते, तिची गोळी हवी. सासूबाईंचे दुपारचे जेवण आणि औषध कोण पाहणार? जाऊबाईंच्या मुलांना नंतर कळले तर काय वाटेल? 'अचानक' हा शब्द नवऱ्यापुरता खरा होता. बायकोच्या दृष्टीने ती आठवडाभराची तयारी एका रात्रीत करण्याची आज्ञा होती.

अशा सहलीत आणखी एक घटक कामाला लागतो: पैसा. वेळ दिलेला नसला की त्याची जागा पैसा घेऊ पाहतो. दिवसागणिक आणि गर्दीनुसार दर बदलणाऱ्या तिकिटांच्या व्यवस्थेत घाई करणाऱ्याला सवलत सहसा मिळत नाही. आत गेल्यावर रांगा लागलेल्या असतात, आणि एका दिवसात सारे उरकायचे असते. मग रांग टाळण्याचा अधिकार विकत मिळतो. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली वेळ राखून ठेवण्याची सोय आली तेव्हा ती सर्वांना मोफत होती. अमेरिकेतील उद्यानांत २०२१ मध्ये तिची जागा सशुल्क सोयीने घेतली. अमेरिकी विचारवंत मायकेल सँडल यांनी पैशाने काय विकत घ्यावे व काय घेऊ नये याचा शोध घेणारे पुस्तक २०१२ साली लिहिले. त्याच्या आरंभीच्या प्रकरणात अशा उद्यानांतील रांगांचा विचार आहे. रांगेतील समता किती सहज विकली जाते, हे त्यांना दाखवायचे आहे. मला त्यातील मुलाचे स्थान अधिक अस्वस्थ करते. उन्हात तासभर उभ्या असलेल्या कुटुंबांच्या शेजारून पुढे जाताना आठ वर्षांचा मुलगा वडिलांना विचारतो, "पप्पा, ते का थांबलेत?" याला द्यायचे उत्तर ऐनवेळी सुचत नाही. 'आपण जास्त पैसे भरले' हे खरे उत्तर आहे. ते ऐकताना रांगेतील दुसरा एक मुलगा आपल्याकडे पाहत असतो.

पैसे भरले की आनंदाची वसुलीही सुरू होते. "एवढे पैसे मोजलेत, आता रडू नकोस, मजा कर." हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा पाल्य विरळा. वर्षभर न दिलेला वेळ एका दिवसात फेडायचा असतो, म्हणून तो दिवस यशस्वी झालाच पाहिजे. मुलाने हसले पाहिजे, छायाचित्रात दिसले पाहिजे. देणगी म्हणून सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने वसुलीत बदलते. मूल थकले, घाबरले, त्याला गवतावर नुसते लोळावेसे वाटले, तर ते कृतघ्न ठरते.

आणि तरीही त्या दिवसात काही निर्मळ असते, हे नाकारता येत नाही. फ्रेंच लेखक रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे चार प्रकार केले: चढाओढ, नशीब, सोंग आणि भोवळ. शेवटचा प्रकार थीम पार्कमध्ये मुक्तपणे अनुभवाला येतो. रोलर कोस्टरचा डबा शिखरावर क्षणभर थांबून खाली कोसळतो तेव्हा बाप ओरडतो आणि मुलगाही ओरडतो. घरात ज्याचा शब्द अखेरचा, तो तेथे मुलाइतकाच असहाय असतो. मुलाने घट्ट धरलेला हात कोणी कोणाचा धरला आहे, हे दोघांनाही कळत नाही. वडिलांना घाबरलेले पाहण्याची संधी मुलाला एरवी क्वचितच मिळते. धोका नसलेली ही भीती दोघांना काही क्षण एका पातळीवर आणते. वॉल्ट डिस्ने यांनी बाकावर बसून पाहिलेले स्वप्न बहुधा हेच असावे.

मग करायचे काय? माझ्या मते ऐनवेळचा आनंद त्याज्य नाही. त्याचा भार कोण उचलतो, यावर त्याची योग्यता ठरते. ज्याच्या मनात लहर आली, त्यानेच पहाटे चारला उठावे, हा साधा न्याय आहे. तो पाळायला फार तत्त्वज्ञान लागत नाही, पण फारसा कोणी पाळत नाही. यात बापाचे सुख कमी होईल असे मानण्याचे कारण नाही. तयारी केल्यावाचून मिळणारी सहल ही त्याची सहल असते खरी. परंतु ती त्याने मुलांना दिलेली आहे, असे म्हणताना जीभ अडखळायला हवी.

त्या परिचित घरी पुढे काय झाले, ते सांगण्याजोगे आहे. नवऱ्याने बेत एका दिवसाने पुढे ढकलला. शनिवारी तो स्वतः बाजारात जाऊन मुलांचे कपडे आणि औषध घेऊन आला, सायंकाळी सर्वांनी मिस्सा आटोपली आणि चपात्या लाटायला नवरा-बायको दोघेही उभे राहिले. मुलांचा हिरमोड झाला नाही. उलट एक रात्र वाट पाहायला मिळाली म्हणून ती उशिरापर्यंत जागी होती. तयारी चालू असताना त्याने आईला विचारले, "आई, तू येतेस का?" गुडघेदुखीमुळे ती नाही म्हणेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ती म्हणाली, "कोणी विचारलेच नव्हते."

रविवारचा सारा दिवस तिने एका झाडाखालच्या बाकावर काढला. पिशव्या सांभाळल्या, सून राईडमध्ये बसून आली तेव्हा तिचे भिजलेले केस पुसले, आणि समोरून धावणाऱ्या अनोळखी मुलांची नावे मनाशी ठरवत बसली. परतीच्या वाटेवर काळोख पडला. वसईपर्यंत शंभरावर किलोमीटरचा पल्ला. पहाटेपासून जागा असलेला मुलगा गाडी चालवत होता आणि मागे सून व मुले झोपून गेली होती. आई त्याच्या शेजारच्या आसनावर बसली होती. त्याला डुलकी येऊ नये म्हणून ती घोडबंदरपर्यंत त्याच्या लहानपणीच्या जत्रांच्या गोष्टी सांगत राहिली.