विकणाऱ्याचे मौन

बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्यासारख्या नोकरदाराचे घर चार दिवस दुकान बनते. कपाट, पलंग, दुचाकी, जे नेण्यास जड ते विकावयाचे; आणि विकताना थोडे बोलावयाचे, थोडे गिळावयाचे. या गिळण्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तंजावरास आल्यावर एका नावेने तो करावयास लावला.

आमच्या एका परिचितांस आपली शर्यतीची जुनी कॅटमरान विकावयाची होती. दोन अरुंद नावा आडव्या दांड्यांनी जोडलेल्या. कोकणातील उलांडीची होडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस थोडी कल्पना येईल. अरुंदपणामुळे पाण्याचा अडथळा कमी, रुंद बैठकीमुळे तोल अधिक, म्हणून वेग विलक्षण. १८७६ साली अमेरिकेत नॅथनिएल हेरशॉफ यांच्या 'अमॅरिलिस' या अशाच नावेने शर्यतीत इतरांस असे मागे टाकले की, पुढे या जातीस शर्यतींतून दूर ठेवण्यात आले. नाव मात्र आमच्या शेजारचे आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला कोळ्यांचा तराफा.

विक्रीचा कागद लिहिण्यास परिचितांनी आम्हांस बोलाविले. कारकुनाची लेखणी अशा वेळी सर्वांस आठवते. नाव नुकतीच रंगविलेली, देखणी होती. परंतु अशा नावेची काया म्हणजे काचतंतूंचे दोन पातळ थर आणि मध्ये हलका फेस. आत पाणी शिरले की थर सुटतात, आणि वरचा रंग तसाच हसत राहतो. नाण्याने टिचकी मारली तर निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. परिचितांनी डाव्या नावेवर, दांडा जोडतात तेथेच, टिचकी मारून दाखविली. आवाज बद्द होता. घेणारा तरुण नवशिका. धाकट्या भावास घेऊन समुद्रात जाणार. "हे लिहावयास हवे काय?" त्यांनी विचारले.

आम्हांस कायदा पाठ होता. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७: केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. तेथे उदाहरणही आहे. लिलावात विकलेल्या घोड्याची खोड विकणाऱ्याने सांगितली नाही, तर ते कपट होत नाही. आम्ही तसे सांगितले, आणि आपल्या ज्ञानाचा थोडा अभिमानही वाटला.

रात्री मात्र त्याच कलमाचे पुढचे उदाहरण आठवले. घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे खोड तीच, मौन तेच. बदलले ते फक्त नाते. न्यायालयास कोठेतरी रेषा आखावी लागते, हे खरे. परंतु आमच्या मनाने तीच रेषा का मानावी? समुद्र नाते पाहत नाही. दांडा निखळला तर कोणाची मुलगी आणि कोणाचा परका, हे लाट विचारीत नाही.

हा वाद जुना आहे. रोमच्या सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यावरील ग्रंथात तो मांडला आहे. सदोष घर विकणाऱ्याने दोष सांगावा काय? डायोजेनिस म्हणतो, घ्या असा आग्रह कोणी केला नाही. अँटिपेटर म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्यास चुकू देणे हे वाट न दाखविण्याहून वाईट. सिसेरोचा कौल सांगण्याकडे आहे. आमच्या महाभारतात समुद्रतीरी तप करणाऱ्या जाजलीस धर्म शिकण्यासाठी तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जावे लागले, हेही विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, जुना माल म्हणून किंमत उतरविलीच की! पण ती उतरली वयासाठी, आणि वय घेणाऱ्यास ठाऊक असते. जे त्यास ठाऊकच नाही त्याची सूट त्याने घेतली, असे कसे म्हणावे? डोळ्यांस दिसणारा ओरखडा त्याने पाहावा. केवळ वापराने कळणारी खोड वापरणाऱ्याने सांगावी. आम्हांस ही वाटणी न्याय्य वाटते.

नागपट्टणम १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होते. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या किनाऱ्यावर काचतंतूंच्या नावा फार वाढल्या. कट्टुमरमची रीत निराळी. समुद्रातून परतल्यावर दोर सोडून ओंडके वाळूवर सुकत ठेवतात. प्रत्येक ओंडका, त्याची चीर, त्याचे किडीचे छिद्र उघडे पडते. असा तराफा विकावयाचा तर लपविणार काय? विकण्यापूर्वी गाठ सोडून दाखवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागदात एक वाक्य घातले: डाव्या नावेचे थर दांड्यापाशी सुटले आहेत. परिचित नाराज झाले. अद्याप त्यांनी सही केलेली नाही. आणि मग आम्ही आणखी एक पत्र लिहिले. येथे येताना मागील गावी आम्ही स्कूटर विकली होती. पावसात तिचा ब्रेक लागत नसे. घेणाऱ्याने विचारले नाही; आम्ही सांगितले नाही. दोन पावसाळे उलटून गेले आहेत. उत्तराची वाट पाहत आहोत.