घशातले काटे

समुद्री कासवाचा घसा आतून पाहणारा माणूस पहिल्यांदा दचकतोच. तोंडात एकही दात नाही, पण अन्ननलिकेत टोकदार, पांढुरके काटे दाटीने उभे. सगळ्यांची टोके एकाच दिशेला, पोटाकडे. फणसाची साल उलटी करून आत बसवावी तसे. हे काटे चावण्यासाठी नसतात. जेलीफिशसारखे बुळबुळीत भक्ष्य गिळताना कासवाच्या तोंडात बरेच खारे पाणी शिरते. घशाचे स्नायू आवळून ते पाणी बाहेर टाकायचे आणि घास मात्र निसटू द्यायचा नाही, यासाठी ही सोय. समुद्री कासवे पृथ्वीवर दहा कोटी वर्षांहून अधिक काळ आहेत. एवढ्या काळात या सोयीने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

आता त्याच घशात प्लॅस्टिकची पिशवी उतरते. पाणी बाहेर पडते, पिशवी काट्यांत अडकते. तिला उलट यायला वाट नाही.

सागरी प्रदूषणाबद्दल बोलताना आपल्या तोंडी एक शब्द ठरलेला असतो : घाण. मग रविवारची स्वच्छता मोहीम, हातमोजे, पोती आणि शेवटी सामूहिक फोटो. घाण डोळ्याला खुपते, नाकाला झोंबते आणि उचलली की संपते, असा हा हिशेब. कासवाच्या बाजूने पाहिले तर हिशेब चुकतो. त्याला ती घाण वाटतच नाही.

२०२० साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हौदात वाढवलेल्या पंधरा लॉगरहेड कासवांसमोर पाण्याच्या पृष्ठभागावर वेगवेगळे वास सोडण्यात आले. कोऱ्या प्लॅस्टिकच्या वासाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. पण पाच आठवडे समुद्रात राहून शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर चढलेल्या प्लॅस्टिकचा वास येताच ती नाक पाण्याबाहेर काढून हुंगू लागली, अगदी खाद्याचा वास आल्यावर करतात तशी. म्हणजे कासव पिशवीला जेलीफिश समजते ही केवळ नजरेची चूक नव्हे. समुद्रात मुरलेल्या प्लॅस्टिकला खरोखरच जेवणाचा वास येतो. कासवाचे नाक बरोबर काम करते, म्हणून ते मरते.

किती प्लॅस्टिक पोटात गेले म्हणजे जीव जातो? ऑस्ट्रेलियातील मृत कासवांच्या तपासणीवरून संशोधकांनी २०१८ मध्ये अंदाज बांधला : चौदा तुकडे पोटात गेले, की मरण्याची शक्यता निम्मी. एका तुकड्यानेसुद्धा ती सुमारे २२ टक्के होते. पातळ पापुद्रा आतड्यात अडकतो, कडक तुकडा आतडे फाडतो. पोट भरल्यासारखे वाटते आणि उपासमार सुरू होते.

जाळ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. पूर्वी कोळ्यांची जाळी सुताची, सणाची असत. ती पाण्यात भिजून कुजत. टिकवायची तर सतत राबावे लागे. नायलॉन आले आणि हे कष्ट वाचले. हलके, स्वस्त, न कुजणारे. आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक एकेरी धागा, तर पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. मच्छीमाराच्या दृष्टीने हे सगळे गुणच. पण जाळे फाटून समुद्रात सुटले, की हेच गुण कोणाच्याही हातात नसलेल्या सापळ्याचे होतात. त्यात मासे अडकतात, त्या माशांच्या ओढीने मोठे मासे आणि कासवे येतात, तीही गुंततात. मालक किनाऱ्यावर, मासेमारी चालूच.

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर अशी कासवे येऊन पडतात. पुढच्या वल्ह्यासारख्या पायाच्या मुळाशी दोऱ्याचे दोन-तीन वेढे बसलेले असतात. सुटण्यासाठी कासवाने जितके झटके दिले तितका दोरा आत रुतलेला. त्याखाली कातडी कापली जाते, रक्त पोहोचत नाही आणि पाय काळा पडून सडतो. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात अशी कितीतरी जायबंदी कासवे आणली गेली आहेत. काहींचा पाय वाचतो, काहींना तीन पायांवर पोहायला शिकावे लागते.

यात मच्छीमाराला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. जाळे ही त्याची पुंजी. ती कोणी हौसेने फेकत नाही. जाळे खडकाला अडकून फाटते, वादळात वाहून जाते, नाहीतर ट्रॉलर ते ओढून नेतो. ही शेवटची तक्रार तर कोकणात जुनीच आहे. मच्छीमाराशी बोलण्याचा शहाणा मार्ग महाराष्ट्राला सापडलेलाही आहे. डिसेंबर २०१८ पासून जाळे कापून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. कासवाच्या सुटकेची किंमत गरिबाने एकट्याने मोजायची नाही, हे यात मान्य झाले. पण ही सोय अडकलेल्या जिवासाठी आहे; सुटून गेलेल्या जाळ्याचे काय?

शिवाय कासव जिल्ह्याच्या हद्दीत राहत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी काही महिन्यांत श्रीलंकेजवळ पोहोचली. ओडिशात २०२१ साली टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना दिसली. गुहागरची कासवे कुठल्या पाण्यातून जातात ते यावरून कळते. त्याच पाण्यात, कोलंबोसमोर, मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल हे मालवाहू जहाज पेटले. त्यावर नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर गळत होता. कतारचे हमाद आणि आपले हजिरा या दोन्ही बंदरांत तो उतरवला गेला नाही, आणि जहाज कोकणासमोरून दक्षिणेला निघून गेले.

जहाजात सुमारे १,६८० टन प्लॅस्टिकचे दाणे होते. साबुदाण्याएवढे, पांढरे. बादल्यांपासून पिशव्यांपर्यंत सगळे ज्यापासून बनते तो हा कच्चा माल. किनाऱ्यावर त्यांचे थर साचले, माशांच्या कल्ल्यांत ते अडकलेले सापडले. ४१७ कासवे, ४८ डॉल्फिन आणि ८ देवमासे मेल्याची नोंद श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घेतली आणि एक अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली. त्या निकालाच्या दोनच महिने आधी केरळसमोर एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडाले होते आणि तसलेच दाणे तिथल्या किनाऱ्यावर येऊन पडले होते.

हे दाणे चाळणीने वाळूतून वेचणारी माणसे दोन्हीकडच्या छायाचित्रांत दिसतात. त्यांच्या कष्टाला तोड नाही. पण साबुदाणा वाळूत सांडल्यावर तो किती वेचता येतो, हे उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. वस्तू समुद्रात गेल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. तो त्याआधीच, कारखान्यात, गोदीत, बंदरात करावा लागतो. जहाजांनी समुद्रात प्लॅस्टिक टाकू नये हा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. प्लॅस्टिकच्या उत्पादनालाच आळा घालण्याचा मुद्दा मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा अडला आणि जागतिक करार झालाच नाही.

केरळच्या कोल्लम जिल्ह्यात २०१७ पासून 'शुचित्व सागरम्' या उपक्रमात ट्रॉलरवाले जाळ्यात येणारा कचरा परत न फेकता बंदरात आणू लागले. तिथे तो वेगळा करून, तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरला जातो. आपल्याकडेही हे अवघड नाही. प्रत्येक मासळी बंदरावर फाटके जाळे जमा करायला ठरलेली जागा हवी, त्याला किलोमागे ठरलेला दर हवा आणि तो पैसा नायलॉन विकणाऱ्यांकडून वसूल व्हायला हवा.

दिवाळीनंतर कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात. कासव महोत्सवात पिल्ले समुद्राकडे धावताना पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर जवळच्या बंदरात थांबावे आणि एवढेच विचारावे : इथली फाटकी जाळी जातात कुठे?