न उतरणारा थकवा

सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, झोपेनेही न उतरणारा आणि थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळवणारा थकवा हा एक खरा आजार आहे. नेहमीच्या तपासण्यांत बहुधा काहीच सापडत नाही, आणि रुग्णाचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळू लागतो तो इथेच.

या अविश्वासाला इतिहास आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अडीचशेहून अधिक कर्मचारी अशाच दुखण्याने आजारी पडले. रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांना न तपासता केवळ जुन्या नोंदी वाचून, त्याला सामूहिक उन्माद ठरवले. आजारी पडलेल्यांत स्त्रिया जास्त होत्या, हेही त्यांनी पुरावा म्हणून मांडले. हा निष्कर्ष अन्यायाचा होता. पुढे ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात २००७ पासून टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला होता. त्याने प्रकृती आणखी ढासळते, असे अनेक रुग्ण सांगत राहिले. तो सल्ला २०२१ मध्ये मागे घेतला गेला, फार उशिरा.

तरीही दवाखाना टाळणे धोक्याचे. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, मधुमेह, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकणे यांनीही थकवा येतो आणि त्यांवर इलाज आहे. कोणत्या श्रमानंतर किती दिवस त्रास झाला, याची वहीतली नोंद डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते. ‘सगळे मनाचे आहे’ म्हणून बोळवण झाली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.